वनसल्लासेवा व तिचे शुल्क

खाजगी मालकीच्या वनातील उभ्या झाडांचे मापन व मूल्यमापन करणे, वनाची कार्य आयोजना तयार करणे, तोडावयाच्या झाडांवर खुणा करणे, लाकडाच्या विक्रीसाठी निविदा मागविणे, तोडीवर देखरेख ठेवणे आणि पुनर्लागवडीसंबंधी मार्गदर्शन करणे, ही कामे मालकाच्या वतीने मोबदला घेऊन करणाऱ्या तज्ञास वनसल्लागार म्हणतात. त्याच्या मोबदल्याचा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु कोणत्या मालकाला शास्त्रीय सल्ला परवडतो आणि त्यामुळे कोणत्या वनाची जोपासना होते, हे पुष्कळ अंशी या मोबदल्याच्या पद्धतीवरच अवलंबून असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खाजगी वनांचे क्षेत्र मोठे असल्यामुळे व मालकांमध्ये लक्षावधी एकरांच्या कंपन्यांपासून पाच-दहा एकरांच्या शेतकऱ्यांपर्यंत सर्व थर असल्यामुळे तेथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या देशातील इतिहासाचा विचार केला आहे.

व्यवसायाचा आरंभ : यूरोपात शास्त्रीय वनविद्येचा विकास राज्यांच्या व मोठ्या सरदार-जमीनदारांच्या वनांत झाला. तेथे वनाधिकारी पगारी सेवक असे. त्यामुळे कामागणिक शुल्क ठरविण्याचा प्रसंग क्वचितच येई. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वनविद्येचे शिक्षण देणारी संस्था नव्हती आणि वनाधिकाऱ्यास कायम नोकरीवर ठेवण्याची प्रथाही नव्हती. गिफर्ड पिंशो (१८६५–१९४६) यांनी येल विद्यापीठातील शिक्षणानंतर फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात अध्ययन केले. ब्रह्मदेश व भारत येथील वनव्यवस्थेचा पाया घालणारे आणि १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रांडिस (१८२४–१९०७) यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. मायदेशी परतल्यावर १८९२ मध्ये त्यांनी उत्तर कॅरोलायनातील ॲशव्हिलजवळच्या बिल्टमोर या जॉर्ज व्हँडरबिल्ट यांच्या वनाचे काम हाती घेतले. पुढे १८९३ च्या अखेरीस त्यांनी न्यूयॉर्क येथे सल्लागार म्हणून स्वतःची कचेरी उघडली. बिल्टमोरचे काम १८९५ पासून कार्ल शेंक (१८६८–१९५५) या जर्मन तज्ञाकडे गेले. त्यांनी तेथे १८९८ ते १९१३ या काळात वनविद्यालय चालविले.

पिंशो यांचे खाजगी ग्राहक श्रीमंत होते. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वतातील विल्यम सेवर्ड वेब यांचे नेहासाने उद्यान हे त्यांपैकी एक होय. या वनातील स्प्रूस वृक्षांच्या वाढीचा अभ्यास पिंशो यांनी १८९८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सल्ल्याचा खर्च सहज सोसू शकणाऱ्या मालकांपुरताच हा व्यवसाय आरंभी मर्यादित होता. सामान्य शेतकऱ्याला वनसल्लागार नावाचा कोणी व्यावसायिक असतो, याची कल्पनाही नव्हती.

१८९८ चे परिपत्रक : जुलै १८९८ मध्ये पिंशो यांनी बर्नहार्ड फेर्नो यांच्या जागी केंद्रीय कृषी खात्याच्या वनविद्या विभागाची सूत्रे घेतली. त्या वेळी विभागात सर्व मिळून ११ माणसे होती व देशातील राखीव वने त्याच्या ताब्यात नव्हती. विभागास प्रत्यक्ष कार्यासाठी खाजगी वनांखेरीज दुसरे क्षेत्र उपलब्ध नव्हते. म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी एकविसावे परिपत्रक प्रसिद्ध करून शेतकरी, लाकूड-व्यापारी व इतर वनमालक यांना प्रत्यक्ष साहाय्य देऊ केले. शुल्काच्या इतिहासात हे परिपत्रक महत्त्वाचे आहे, कारण त्यात लहान व मोठा मालक यांसाठी दोन वेगळे दर प्रथमच स्पष्टपणे मांडले गेले. शेताला लागून असलेल्या लहान वनखंडासाठी साहाय्य पूर्णपणे विनामूल्य होते. मोठ्या क्षेत्रासाठी विभागाच्या तज्ञाचा पगार सरकार देई. मात्र त्याचा प्रवास, निवास व भोजन यांचा आणि आवश्यक मदतनिसांचा खर्च मालकाने करावयाचा होता.

या योजनेस मिळालेला प्रतिसाद अपेक्षेपलीकडचा होता. पहिल्याच वर्षात ३५ राज्यांतून शंभरावर अर्ज आले व त्यांतील एकूण क्षेत्र सु. १५ लाख एकर भरले. मात्र त्यातील बहुतेक सर्व क्षेत्र मोठ्या मालकांचे होते. अर्जदारांत लहान मालक पुष्कळ असूनही त्यांचे एकूण क्षेत्र अगदीच अल्प होते. प्रथम हाती घेतलेल्या कामांत वेब व विल्यम व्हिटनी यांच्या ॲडिराँडॅकमधील सु. एक लाख एकरांचा समावेश होता. पुढील काही वर्षांत टेक्सासमधील कर्बी लाकूड कंपनीशी संबंधित सु. १२ लाख एकर पाइन वनाची पाहणी झाली. टेनेसीतील सिवॉनी येथील विद्यापीठाच्या वनासाठीही आयोजना तयार करण्यात आली. मनुष्यबळाची टंचाई भागविण्यासाठी विभागाने महाविद्यालयीन तरुणांना दरमहा २५ डॉलर वेतन व क्षेत्रावरील भोजन-निवास या अटींवर विद्यार्थी-साहाय्यक म्हणून नेमले. या तरुणांपैकी अनेक जण पुढे वनविद्येच्या व्यवसायात आले. मोठ्या मालकाने दिलेल्या खर्चातून एका अर्थी नव्या पिढीचे प्रशिक्षणच झाले.

परिपत्रकातील विभागणी न्याय्य वाटली, तरी तिच्यात एक विसंगती होती. दर लहान मालकाच्या बाजूचा असला, तरी सरकारी तज्ञांचा वेळ मुख्यतः मोठ्या क्षेत्रांवर खर्च होत होता आणि त्या वेळेचे मोल करदाता देत होता. दुसरे असे, की स्वतःच्या उपजीविकेसाठी शुल्क आकारणाऱ्या स्वतंत्र सल्लागारास केवळ प्रवासखर्चात मिळणाऱ्या सरकारी सेवेशी स्पर्धा करणे अशक्य होते. १९०५ मध्ये राखीव वने या विभागाकडे आली, त्याला वनसेवा हे नाव मिळाले आणि त्याचे लक्ष सार्वजनिक वनांकडे वळले. खाजगी मालकांसाठी आयोजना करून देण्याचे काम त्यानंतर मागे पडले व स्वतंत्र व्यावसायिकांना वाव मिळाला.

करआकारणी व मोठे ग्राहक : स्वतंत्र वनसल्लागारांना स्थिर मागणी प्रथम लाभली ती वनसंवर्धनाच्या आस्थेमुळे नव्हे, तर करांमुळे. १९१३ मध्ये केंद्रीय प्राप्तिकर सुरू झाला. तोडलेल्या लाकडाच्या उत्पन्नातून मूळ भांडवलाचा भाग वजा करण्यासाठी १ मार्च १९१३ रोजी मालकाच्या ताब्यात असलेल्या उभ्या झाडांचे त्या दिवशीचे बाजारमूल्य ठरविणे आवश्यक झाले. मोठ्या कंपन्यांना आपली वने मोजून घेणे भाग पडले. सरकारी बाजूने ही मूल्यांकने तपासण्यासाठी १९१९ मध्ये डेव्हिड मेसन (१८८३–१९७३) यांची महसूल खात्याच्या वनमूल्यांकन शाखेवर नेमणूक झाली. दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, त्यांनी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्वतःची सल्लागार संस्था काढली. वाढीइतकीच तोड ठेवून उत्पादन सतत चालू राखण्याच्या तत्त्वाचे ते पुढे आग्रही पुरस्कर्ते बनले. करासाठी केलेल्या मोजणीतूनच दीर्घ मुदतीच्या नियोजनाला लागणारी आकडेवारी उपलब्ध झाली, असेही म्हणता येईल.

१९४४ मध्ये मंजूर झालेल्या महसूल कायद्याने उभ्या झाडांच्या विक्रीपासूनचा लाभ, काही अटींवर, भांडवली लाभ म्हणून कमी दराने करपात्र ठरविला. हा कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला होता. त्यामुळे लहान मालकालाही आपल्या वनाचे मूळ मूल्य जाणून घेण्यात प्रत्यक्ष फायदा दिसू लागला आणि सल्लागाराच्या ग्राहकांचे क्षेत्र विस्तारले.

क्षेत्राच्या आकाराचा परिणाम : लहान वनाला दर एकरी अधिक खर्च का येतो, हे मापनाच्या पद्धतीवरून स्पष्ट होते. वनातील प्रत्येक झाड मोजणे क्वचितच परवडते. म्हणून विखुरलेल्या नमुना-खंडांतील झाडे मोजून एकूण लाकडाचा अंदाज काढतात. विशिष्ट अचूकतेसाठी किती खंड लागतील, हे वनाच्या विस्तारापेक्षा त्यातील विविधतेवर अधिक अवलंबून असते. खंडाखंडांतील फरक सरासरीच्या सु. ५० टक्के असेल आणि अंदाजातील चूक १० टक्क्यांच्या आत हवी असेल, तर नेहमीच्या सांख्यिकीय गणिताने सु. १०० खंड मोजावे लागतात. वन ५,००० एकरांचे असेल, तर ५० एकरांमागे एक खंड पुरतो. ५० एकरांचे असेल, तर दर एकरी दोन खंड लागतात. मोठ्या वनात चालण्याचे अंतर वाढते हे खरे, पण खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय जाण्यायेण्याचा प्रवास, नकाशे व हद्दींच्या कागदपत्रांची तपासणी, अहवालाचे लेखन हा खर्च दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच असतो. यामुळे सल्लागार लहान कामासाठी बहुधा किमान शुल्क ठरवितात. ते किमान शुल्कच लहान मालकाला वनाच्या उत्पन्नाच्या मानाने जड वाटते.

मापनाचे तंत्र सुधारून ही अडचण काही अंशी कमी झाली. ऑस्ट्रियातील वाल्टर बिटरलिख (१९०८–२००८) यांनी १९४८ मध्ये कोन-गणनेची पद्धत प्रसिद्ध केली. तीत एका जागी उभे राहून सभोवार पाहताना ठराविक कोनापेक्षा रुंद दिसणारे बुंधे केवळ मोजावयाचे असतात व त्यावरून दर एकरातील बुंध्यांचे एकूण छेदक्षेत्र मिळते. खंडाची हद्द आखावी लागत नाही. लुईस ग्रोझेनबॉ यांनी १९५२ मध्ये ही पद्धत अमेरिकेत परिचित करून दिली. पुढे हवाई छायाचित्रे, उपग्रहीय प्रतिमा व लेसर-मापन यांचीही मदत होऊ लागली. मात्र कोणते झाड ठेवावे व कोणते तोडावे, हे ठरविण्यासाठी वनात पायी फिरण्याला पर्याय मिळालेला नाही.

शुल्काच्या पद्धती : व्यवहारात पाच पद्धती रूढ झाल्या. (१) दिवसाच्या किंवा तासाच्या दराने. (२) दर एकरी ठोक दराने. (३) खुणा केलेल्या लाकडाच्या घनमानावर, म्हणजे अमेरिकन परिमाणात दर हजार बोर्ड फुटांमागे. (४) विक्रीच्या किंमतीवर शेकडेवारीने. आणि (५) वार्षिक करारावर. मोठे मालक व कंपन्या सामान्यतः दिवसाचा दर, ठोक रक्कम किंवा वार्षिक करार पसंत करतात. काम मोठे असल्याने निविदा मागवून दर कमी करून घेणेही त्यांना शक्य असते. लहान मालकांच्या बाबतीत शेकडेवारीची पद्धत सर्वांत अधिक प्रचलित झाली. तिचा दर बहुधा ५ ते १५ टक्के असतो. विक्री लहान असेल, तर टक्केवारी अधिक असते.

शेकडेवारीच्या लोकप्रियतेचे कारण उघड आहे. मालकाला आधी पैसा घालावा लागत नाही. लाकूड विकले गेल्यावर त्यातूनच शुल्क दिले जाते. किंमत वाढली, तर सल्लागाराचाही लाभ वाढत असल्याने तो अनेक खरेदीदारांकडून मोहोरबंद निविदा मागवितो. आपल्या आयुष्यात एकदा किंवा दोनदाच लाकूड विकणाऱ्या शेतकऱ्याला रोज लाकूड खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यापुढे भाव ठाऊक नसतो. दारी येऊन रोख रक्कम पुढे करणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला वन विकून टाकण्याचा मोह त्याला होतो. अशा मालकाच्या बाबतीत शुल्क वजा जाताही सल्लागाराकडून झालेली विक्री फायद्याची ठरू शकते.

परंतु याच पद्धतीत मोठा दोषही आहे. वन अजून कोवळे आहे, दहा वर्षे थांबावे, असा सल्ला दिल्यास सल्लागाराला त्या वेळी काहीच मिळत नाही. तोड सुचविली, तरच त्याची प्राप्ती होते. घनमानावर शुल्क असल्यास अधिक झाडांवर खुणा करण्याकडे कल होऊ शकतो. ठोक दरात काम घाईने उरकण्याचा व दिवसाच्या दरात ते लांबविण्याचा संभव असतो. प्रत्येक पद्धतीत हितसंबंधांचा थोडाफार विरोध राहतोच. म्हणून अनेक सल्लागार आयोजनेसाठी ठोक किंवा दिवसाचा दर व विक्रीच्या कामासाठी शेकडेवारी अशी विभागणी करतात. तोड करावी की नाही या निर्णयाचे शुल्क तोडीच्या उत्पन्नापासून अलग राहते, हा तिचा मुख्य गुण होय.

सरकारी साहाय्य व व्यावसायिक संघटना : १९२४ च्या क्लार्क-मॅकनेरी कायद्याने शेतकऱ्यांच्या वनांसाठी विस्तारशिक्षणाची व रोपांच्या वाटपाची तरतूद केली. १९३७ च्या नॉरिस-डॉक्सी कायद्याने शेतवनांसाठी प्रत्यक्ष तांत्रिक मदत सुरू झाली. त्याच्या जागी आलेल्या १९५० च्या सहकारी वनव्यवस्थापन कायद्यानुसार केंद्र व राज्ये यांनी मिळून खाजगी मालकांना व लहान गिरणीवाल्यांना तज्ञ पुरविण्याचा खर्च वाटून घेतला. ही व्यवस्था पुढे १९७८ च्या सहकारी वनसाहाय्य कायद्यात समाविष्ट झाली.

स्वतंत्र सल्लागारांची राष्ट्रीय संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. विनामूल्य सरकारी सेवा आपला व्यवसाय बुडविते, अशी सल्लागारांची तक्रार होती. उलट, किमान शुल्क न परवडणाऱ्या मालकाकडे सल्लागार फिरकतच नाहीत, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. यातून बऱ्याच राज्यांत एक तडजोड रूढ झाली. पहिली भेट व प्राथमिक सल्ला सरकारी वनाधिकाऱ्याने विनामूल्य द्यावा, खुणा करण्याच्या कामावर मर्यादा घालावी किंवा त्याबद्दल शुल्क घ्यावे आणि मोठे काम सल्लागारांच्या यादीकडे सोपवावे, असे तिचे स्वरूप होते. तिसरी सेवा लाकूड व कागद कंपन्यांची होती. गिरणीला कच्चा माल मिळावा म्हणून विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत कंपन्यांचे वनाधिकारी शेजारच्या मालकांना फुकट सल्ला देत आणि त्या बदल्यात लाकूड प्रथम आपल्याला देऊ करण्याची अपेक्षा ठेवत. येथे सल्ला देणारा व माल घेणारा एकच असल्याने शुल्क नसले, तरी किंमतीच्या रूपाने ते वसूल होण्याचा धोका होता. सल्लागारांच्या संघटनेने आपल्या सभासदांवर लाकूड खरेदी करणाऱ्या संस्थेत हितसंबंध न ठेवण्याचे बंधन घातले, ते याच कारणाने.

शुल्काचे समान दरपत्रक काढण्याचा मार्ग मात्र व्यावसायिक संघटनांना बंद झाला. १९७५ मध्ये व्हर्जिनियातील वकिलांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचे किमान शुल्कपत्रक मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरविले. १९७८ मध्ये अभियंत्यांच्या संघटनेने शुल्काबाबतच्या स्पर्धेवर घातलेली बंदीही रद्द झाली. तेव्हापासून दर सल्लागार व मालक यांच्यातील करारानेच ठरतात.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत व त्यानंतर अनेक लाकूड कंपन्यांनी आपली वने निवृत्तिवेतन निधी व इतर गुंतवणूकदारांना विकली. त्यांच्या वतीने वने सांभाळणाऱ्या संस्था बहुधा मालमत्तेच्या मूल्यावर वार्षिक टक्केवारी घेतात. उभे झाड राखले तरी त्यांचे शुल्क चालू राहते. लहान मालकाला ही सोय मिळत नाही. अमेरिकेत कौटुंबिक वनमालकांची संख्या एक कोटीच्या आसपास असून त्यांतील निम्म्याहून अधिक मालकांचे क्षेत्र दहा एकरांपेक्षा कमी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे लिखित आयोजना नाही.

इतर देश : लहान मालकांच्या खर्चाचा प्रश्न फिनलंडने वेगळ्या रीतीने सोडविला. १९५० च्या कायद्याने तेथील स्थानिक वनव्यवस्थापन संघांना वनमालकांकडून सक्तीचे शुल्क मिळू लागले व त्यातून तज्ञांची नेमणूक झाली. गरज पडेल तेव्हा मोठे शुल्क देण्याऐवजी सर्वांनी दरवर्षी थोडे द्यावे, हे त्यातील तत्त्व होते. त्यामुळे लहान मालकाच्याही जवळ सल्ला उपलब्ध झाला. परंतु सेवा न घेणाऱ्यालाही शुल्क द्यावे लागे व इतर सल्लागारांशी स्पर्धा समान राहत नसे. या कारणांवरून ही सक्ती २०१५ पासून रद्द होऊन संघांचे सदस्यत्व ऐच्छिक झाले.

भारतात बहुतेक वने शासकीय असल्यामुळे हा व्यवसाय फारसा वाढला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ३८ व्या कलमानुसार मालकाने विनंती केल्यास, परस्परांना मान्य अशा अटींवर, त्याच्या जमिनीचे व्यवस्थापन वनाधिकाऱ्याकडे सोपविता येते. महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाने खाजगी वने शासनाकडे आली. तथापि मालकी जमिनीवरील झाडांच्या विक्रीत आदिवासी खातेदारांची फसवणूक होऊ नये, म्हणून १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून ही विक्री शासकीय यंत्रणेमार्फत करण्याची व्यवस्था केलेली आहे. झाडाचे मोल न जाणणारा विक्रेता आणि ते पुरते जाणणारा खरेदीदार यांच्यातील विषमता येथेही त्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. साग एकदाच विकणाऱ्या खातेदाराची स्थिती अमेरिकेतील लहान वनमालकाहून या बाबतीत फारशी भिन्न नाही.

मूल्यमापन : वनसल्ल्याचा खर्च कोणत्याही व्यवस्थेत नाहीसा होत नाही. तो मालक, करदाता, शेजारचे मालक किंवा लाकडाचा खरेदीदार यांपैकी कोणावर तरी पडतो. १८९८ च्या परिपत्रकाने लहान मालकाचा सर्व व मोठ्या मालकाचा काही भार करदात्यावर टाकला, फिनलंडच्या कायद्याने तो सर्व मालकांत वाटला, शेकडेवारीच्या पद्धतीने तो तोडलेल्या झाडांवर टाकला. यांपैकी शेवटची पद्धत सर्वांत सोपी असल्याने सर्वांत अधिक पसरली, पण झाड उभे ठेवण्याच्या सल्ल्याला तीत मोबदला नाही. लहान वनांच्या जोपासनेच्या दृष्टीने तोच सल्ला पुष्कळदा सर्वांत मोलाचा असतो. त्यामुळे तोडीच्या उत्पन्नाशी न जोडलेली पहिली भेट व साधी आयोजना यांचा खर्च सार्वजनिक निधीतून किंवा मालकांच्या संघामार्फत भागविणे आणि विक्रीची सेवा व्यावसायिक शुल्कावर ठेवणे, हा मार्ग अनुभवाने अधिक समतोल ठरला आहे.